कुलूप लावून निघताना

महाराष्ट्राला ठाऊक असलेला मिशनरी तरुणपणी येतो आणि इथेच म्हातारा होतो. मिरजेचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, १९२८ मध्ये निवृत्त होऊन परत गेले, आणि मागे मिशन हॉस्पिटल आणि वानलेसवाडी हे नाव ठेवून गेले. अमेरिकेतल्या युटा राज्यात मात्र याच्या उलट रीत आहे. तिथली कितीतरी माणसं नोकरी संपल्यावर, मुलांचे संसार मार्गी लागल्यावर, गुडघे कुरकुरू लागल्यावर मिशनवर निघतात. तीही जोडीने.

‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे त्यांच्या संप्रदायाचं पूर्ण नाव. बाहेरचे लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावून दोघादोघांनी फिरणारी विशीच्या आसपासची मुलं जगाला माहीत आहेत. त्यांच्या मागे उभी असलेली आजी-आजोबांची जोडी सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. दारोदार हिंडून धर्म सांगणं हे या ज्येष्ठांचं मुख्य काम नसतंच. कुणी मिशनच्या कचेरीत हिशेब बघतं, कुणी आजारी पडलेल्या पोरांना दवाखान्यात नेतं, कुणी विहिरी आणि चाकाच्या खुर्च्यांच्या मदतकार्यावर असतं. मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांची. खर्च पदरचा. २०११ मध्ये चर्चने एवढाच दिलासा दिला, की घरभाडं आणि त्याला जोडून येणारा खर्च महिना १,४०० डॉलरच्या वर गेला तर वरचा भार चर्च उचलेल. किराणा, औषधं, नातवंडांना पाठवायच्या भेटी हे सगळं आपल्या पेन्शनीतून.

पश्चिम आफ्रिकेत तर या चर्चची सुरुवातच अशा जोडप्यांनी केली. जून १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना या चर्चमध्ये पौरोहित्य नव्हतं. ती बंदी उठली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रेंडेल व रेचल मेबी आणि एडविन व जनाथ कॅनन ही दोन जोडपी नायजेरियात उतरली. मेबी तेव्हा सत्तरीचे होते. तिथे आणि घानात अनेक मंडळ्या आधीपासूनच कुणी पाठवलेलं नसताना या चर्चच्या नावाने प्रार्थना करत होत्या. २१ नोव्हेंबर १९७८ रोजी नायजेरियात अँथनी ओबिना आणि त्यांच्या सोबत्यांचा बाप्तिस्मा झाला. डिसेंबरात घानातल्या केप कोस्टला जोसेफ विल्यम बिली जॉन्सन यांची पाळी आली. ते १९६४ पासून वाट पाहत होते. मेबींनी पुढे १९८४ मध्ये ‘ब्रदर टू ब्रदर’ या पुस्तकात हा काळ लिहून ठेवला.

त्याच घानाची राजधानी असलेल्या अक्रामध्ये बऱ्याच वर्षांनी सेवा करून आलेल्या युटाच्या एका जोडप्याचा अनुभव इथे सांगायचा आहे. तो निवृत्त हिशेबनीस, ती निवृत्त शाळा-ग्रंथपाल. नावं बाजूला ठेवू. निघणाऱ्या नव्या जोडप्यांना आता ते दोघं जे सांगतात, त्यात हवामान, डास आणि जेवण यांचा नंबर बराच खाली लागतो.

तयारी मात्र त्यांनी अशाच गोष्टींची जोरात केली होती. घानात शिरायला पीतज्वराच्या लशीचा दाखला सक्तीचा, तो घेतला. मलेरिया तिथे बारमाही आणि सगळीकडे. त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्या, मच्छरदाण्या, अंगाला लावायचं औषध, सगळं बॅगेत. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आणि घानातली २३०ची, म्हणून झोपेत श्वासासाठी लागणारं त्याचं यंत्र दोन्हींवर चालतं का, तेही तपासलं.

अक्रातली दिनचर्या लवकरच अंगवळणी पडली. विषुववृत्त जवळ असल्याने तिथे वर्षभर सहाच्या सुमारास उजाडतं. उन्हं तापण्याआधी दोघं फेरी मारून येत. मग तो कचेरीत. तरुण मिशनऱ्यांच्या खोल्यांचे भाडेकरार, गाड्यांची कागदपत्रं, प्रीपेड विजेच्या मीटरमध्ये भरायचे पैसे, परवान्यांच्या मुदती. आठवड्यातून काही वेळा दोघं मिळून त्या खोल्या बघायला जात: मच्छरदाणी फाटली आहे का, पाणी गाळलेलं आहे का, फ्रिजमध्ये काही सडलं आहे का. एखाद्या पोराला ताप आला की पहिला फोन सिस्टरना. या चर्चमध्ये मिशनवरच्या पुरुषाला एल्डर आणि बाईला सिस्टर म्हणतात; पोरं मात्र लवकरच त्यांना आजी-आजोबांसारखंच वागवू लागली.

घानाच्या लोकांनीही सांभाळून घेतलं. तिथे कामाचं बोलायच्या आधी रामराम-खुशाली होते, वस्तू उजव्या हातानेच द्यायची-घ्यायची असते आणि पिकल्या केसांना मान असतो. मराठी माणसाला यातलं काहीच शिकवावं लागणार नाही. अमेरिकनांना ते शिकावं लागतं. शनिवारी कुणाच्या तरी अंत्यविधीचं बोलावणं असे. लाल-काळ्या कपड्यांतली शेकडो माणसं, मांडव, वाद्यं, जेवण. आधी दोघं बावरत, पुढे आवर्जून जाऊ लागली. चवळीची उसळ आणि तळलेली केळी यांचं ‘रेड रेड’ त्यांना आवडलं. फुफू हा तिथला पदार्थ घशाखाली उतरायला वेळ लागला. डिसेंबरापासून सहाराकडून येणारा हरमटानचा कोरडा, धुळीचा वारा तिला खोकला देऊन गेला, तेवढाच काय तो हवेचा त्रास.

खरा फटका बसला तो युटातल्या बंद घराकडून.

मुलगा दुसऱ्या राज्यात, घर कुलूपबंद. हिवाळ्यात एका रात्री नळाच्या पाइपातलं पाणी गोठलं, पाइप फुटला आणि शेजाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत तळघरात पाणी साचलं. विमा कंपनीने पहिला प्रश्न विचारला: घर किती दिवस रिकामं होतं? अमेरिकेतल्या बऱ्याच घरविम्यांत ३० किंवा ६० दिवसांहून जास्त रिकाम्या राहिलेल्या घराला संरक्षण कमी मिळतं किंवा मिळतच नाही, हे पॉलिसीच्या आतल्या पानांवर छापलेलं होतं. दुरुस्तीचा करार मुलाने करावा म्हटलं, तर त्याच्या नावचं मुखत्यारपत्र फक्त बँक खात्यापुरतं होतं. नवं करायचं तर नोटरी अमेरिकी वकिलातीत, तीही वेळ ठरवून. दरम्यान पैसे पाठवायला बँकेचं संकेतस्थळ उघडलं, तर ओटीपी अमेरिकेतल्या त्या मोबाइल क्रमांकावर जाऊ लागला, जो बिल वाचवण्यासाठी त्यांनी बंद करून ठेवला होता.

त्या काही आठवड्यांत दोघांचं कचेरीतलं लक्ष उडालं. रात्री युटात दिवस असतो म्हणून रात्रीच फोन, दिवसा डोळ्यांवर झोप. सेवेला म्हणून आलेली माणसं तळघराच्या फोटोंवरून एकमेकांशी भांडू लागली. त्या भांडणात आणखी एक दुखणं वर आलं: त्याला कचेरी होती, तिला तिचं असं काम नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात दिवसभर एकमेकांसमोर बसायची सवय दोघांनाही नव्हती. मिशनप्रमुखांशी बोलून तिने मंडळीतल्या बायकांना वाचन-लेखन शिकवायचा वर्ग मागून घेतला. आठवड्यातले काही तास दोघं वेगवेगळ्या ठिकाणी जाऊ लागली आणि संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असू लागलं.

म्हणूनच हे जोडपं नव्यांना आधी घराच्या कागदांबद्दल विचारतं. घर रिकामं ठेवू नका. ओळखीचं कुणी राहायला बसवा, नाहीतर भाड्याने द्या, आणि जे ठरेल ते विमा कंपनीला लेखी कळवा. थंड प्रदेश असेल तर निघताना मुख्य नळ बंद करून पाइप रिकामे करून घ्या. मुखत्यारपत्रं दोन करा: एक पैशाअडक्याचं आणि मालमत्तेचं, दुसरं आजारपणात निर्णय घेण्याचं. ज्याच्या हाती ती द्याल तो माणूस घरापासून गाडीने पोहोचेल इतका जवळ असावा. सगळ्यांत लाडका मुलगा असलाच पाहिजे असं नाही. मृत्युपत्र जुनं असेल तर नवं करून ठेवा. मोबाइल क्रमांक चालू ठेवा, आणि बँकेची ओळख-पडताळणी परदेशातून होते का, ते निघण्याआधी प्रत्यक्ष करून बघा.

औषधांचंही तसंच. अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेअर, देशाबाहेर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. म्हणून परदेशातल्या उपचारांसाठी वेगळा विमा घ्यावाच लागतो. रोजच्या गोळ्यांची यादी कंपनीच्या नावाने करू नका, मूळ औषधाच्या नावाने करा. तीही पुरेशी नाही, कारण अमेरिकेत ज्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात ते घानात आणि आपल्याकडे पॅरासिटामॉल असतं, आणि दम्याचं अल्ब्युटेरॉल इकडे साल्ब्युटामॉल म्हणून मिळतं. डॉक्टरांकडून दोन्ही नावं लिहून घ्या. गोळ्या टपालाने मागवण्यावर विसंबू नका. कस्टममध्ये अडकलेला पुडा कधी सुटेल ते कुणी सांगत नाही. श्रवणयंत्राच्या जादा बॅटऱ्या आणि चष्म्याचा दुसरा जोड हातातल्या बॅगेत ठेवा. आणि रात्री गाडी चालवू नका. परदेशात गेलेल्या धडधाकट माणसांचे जीव साथीच्या रोगांपेक्षा रस्त्यावर जास्त जातात.

नातवंडांचा विषय निघाला की मात्र हे जोडपं उपाय सांगत नाही. मिशन चालू असतानाच त्यांच्या लेकीला बाळ झालं. तरुण मिशनऱ्यांना २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून ठरलेल्या दिवशीच करता येई; ज्येष्ठांवर असं बंधन नाही, त्यामुळे दोघांनी बाळ पडद्यावर रोज पाहिलं. आजी म्हणते त्याप्रमाणे, निघण्याआधी मुलांशी हे बोलून घ्यावं: कोणत्या प्रसंगी आम्ही परत येऊ आणि कोणत्या प्रसंगी येणार नाही. ऐन वेळी तो निर्णय घेताना सगळेच दुखावतात.

यातला मोठा भाग मराठी घरांनाही लागू आहे. सहा महिने अमेरिकेत मुलांकडे राहून येणारे पुण्या-नाशिकचे आजी-आजोबा धर्मप्रसाराला जात नाहीत, पण कुलूप तेही लावतात. बंद फ्लॅटमधली वरच्या मजल्याची गळती, सोसायटीची थकलेली वर्गणी, भारतातल्या सिमवर जाणारा ओटीपी, आधीपासूनच्या आजाराला न लागू होणारा प्रवासविमा, हे त्यांचंही दुखणं. पेन्शनरांसाठी त्यात नोव्हेंबरातला हयातीचा दाखला वाढतो. मुक्काम नोव्हेंबरावरून जाणार असेल तर तो परदेशातून कसा द्यायचा, हे तिकीट काढण्याआधी पेन्शनच्या बँकेत विचारून घ्यावं; आणि फ्लॅटची एक किल्ली सोसायटीतल्या अशा माणसाकडे द्यावी, ज्याला प्लंबरला आत घेण्याची लेखी परवानगी दिलेली असेल.