शब्दांची पंगत : सण 'साजरा', श्राद्ध मात्र नाही



गेल्या वर्षी आमच्या घरी एक चूक झाली, तिथूनच आजचा धडा सुरू करतो. माझ्या वडिलांचे वर्षश्राद्ध होते. भारतात जाणे जमले नाही, म्हणून इथेच मनामात घरी पान वाढले. खीर केली, वडे केले, दोन स्नेही कुटुंबे जेवायला आली. रात्री आमच्या चिरंजीवांनी (वय वर्षे दहा) साताऱ्याला फोन लावला आणि उत्साहाने सांगितले, "आजी, आज आम्ही आबांचे श्राद्ध साजरे केले!" पलीकडे आजी थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बरं हो बाळा. पोटभर जेवलास ना?"

त्याचे काय चुकले? त्याने खीर पाहिली, पाहुणे पाहिले. 'सेलिब्रेट'ला मराठीत 'साजरे करणे' म्हणतात, एवढे त्याला ठाऊक होते. पण नुसते ताट पाहून सण आहे की श्राद्ध, हे कळत नाही. ते शब्दावरून कळते. म्हणून हे शब्द नीट पाहू.

१) साजरे करणे

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण तुम्ही पाठ केली आहे. तिथे साजरे म्हणजे सुंदर, शोभिवंत. सण साजरा करणे म्हणजे तो दिवस सुंदर करणे : दाराला तोरण, पुढे रांगोळी, अंगावर नवे कपडे. म्हणून दिवाळी साजरी होते, वाढदिवस साजरा होतो. श्राद्ध 'करतात', पुण्यतिथी आणि दुखवटा 'पाळतात'. 'पुण्यतिथी साजरी झाली' असे कधी कधी छापून येते, पण तुम्ही तसे लिहू नका.

बहरीनमध्येही हा फरक तुम्ही दरवर्षी पाहता. मोहरमच्या नवव्या आणि दहाव्या दिवशी आपल्याला सुट्टी असते. पण मनामाच्या गल्ल्यांत काळे झेंडे लागलेले असतात, शोकाच्या मिरवणुका निघतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवणही वाटतात. सुट्टी आहे, जेवण आहे, गर्दी आहे. तरी त्या दिवशी शेजाऱ्याला आपण 'शुभेच्छा' म्हणत नाही. ईदला मात्र आवर्जून म्हणतो.

२) सोहळा आणि उरूस

आता चौकस मुले विचारतील, "मग आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीचा सोहळा कसा?" प्रश्न बरोबर आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. दर कार्तिक महिन्यात वारकरी तिथे जमतात आणि 'संजीवन समाधी सोहळा' असेच म्हणतात. संत गेले असे भक्त मानत नाहीत. ते देवाला मिळाले, असे मानतात. म्हणून तिथे शोक नाही.

हाच अर्थ 'उरूस' या शब्दात आहे. दर्ग्याच्या वार्षिक जत्रेला आपण उरूस म्हणतो. तो संताच्या मृत्यूच्या तिथीला भरतो. पण अरबीत 'उर्स' म्हणजे लग्न! वधूला अरबीत 'अरूस' म्हणतात. तुमच्या अरबी मैत्रिणींना विचारून पाहा. संताचा आत्मा देवाशी जोडला गेला, म्हणून ते लग्न. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यात गाण्याची बैठक होते. तिथे उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) यांचे स्मरण केले जाते. आबा आपल्या घरचे होते, त्यांची आठवण येऊन आजीला रडू येते. म्हणून आपण श्राद्ध 'करतो', सोहळा नाही.

३) मेजवानी आणि पंगत

मेजवानी हा शब्द फारसीतून आला. 'मेजबान' म्हणजे यजमान. त्यामुळे मेजवानी कोणीतरी 'देतो' आणि बाकीचे तिच्यावर ताव मारतात. पंगत हा शब्द 'पंक्ती'वरून आला, पंक्ती म्हणजे ओळ. पंगत 'बसते' आणि 'उठते'. हातात ताटली घेऊन आपण गणपतीच्या जेवणाला उभे राहतो ती रांग, पंगत नव्हे. पंगतीत एकाला जिलबी दोनदा आणि शेजारच्याला एकदाच वाढली, तर त्याला 'पंक्तिप्रपंच' म्हणतात. हा शब्द जेवणाबाहेरही वापरतात : "बाई, पंक्तिप्रपंच करू नका, सगळ्यांना सारखा गृहपाठ द्या!"

४) फराळ आणि उपास

'फलाहार' म्हणजे फळांचे खाणे, त्याचा झाला फराळ. आज दिवाळीचा फराळ म्हणजे चकली, चिवडा, लाडू. उपासाचा फराळ म्हणजे साबुदाण्याची खिचडी. आणि एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवा : उपास वेळेवर संपवला तर तो 'सोडला', चुकून मध्येच खाल्ले तर 'मोडला'. रमझानमध्ये संध्याकाळी इफ्तारला शेजारी उपास सोडतात, मोडत नाहीत.

५) कोणत्या शब्दाला कोणते क्रियापद?

सण : येतो, साजरा करतात
जत्रा, उरूस : भरते, भरतो
लग्न : लागते
बारसे, केळवण, डोहाळजेवण : करतात
मेजवानी : देतात
पंगत : बसते, उठते
उपास : धरतात, सोडतात
श्राद्ध : करतात
पुण्यतिथी : पाळतात

गृहपाठ (पुढच्या शुक्रवारी आणा)

अ) चूक दुरुस्त करा : "काकांनी लग्नाची पंगत दिली." "आईने एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी मोडला." "आम्ही पणजीची पुण्यतिथी साजरी केली."
आ) 'केळवण' आणि 'डोहाळजेवण' कोणासाठी करतात, ते आजीला फोन करून विचारा आणि चार ओळी लिहा.
इ) घरातल्या अरबी बोलणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून सणाचे दोन शब्द लिहून आणा.

पालकांना विनंती : मूल चुकले तर हसू नका, पण सोडूनही देऊ नका. परक्या देशात आपली मुले मराठी शब्द शिकतात, पण तो शब्द कोणत्या प्रसंगाचा, हे त्यांना आजूबाजूला दिसत नाही. ते आपणच सांगायला हवे.

यंदा त्याच तिथीला चिरंजीवांनी पुन्हा फोन लावला. म्हणाले, "आजी, आज आबांचे श्राद्ध केले. त्यांच्या आवडीची खीर होती." आजी त्यानंतर बराच वेळ बोलत होती. आबांना खिरीत चारोळी लागायची, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

– एक पालक