सुखावणाऱ्या बातमीची पडताळणी

सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत ईमानधारकांना आज्ञा आहे की, एखादा अविश्वसनीय मनुष्य बातमी घेऊन आला तर तिची नीट छाननी करावी. अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोचेल आणि मग पस्तावा करीत बसावे लागेल. ही आयत आपण बहुधा अफवा, भांडणे आणि बदनामी यांच्या संदर्भात ऐकतो. आपल्याला दुखावणारी बातमी तपासून घ्यावी, हे मनाला पटवावे लागत नाही. परंतु जी बातमी ऐकून छाती फुगते, तिची छाननी कोण करतो? प्रिय वाचकहो, या पाठात आपण अशाच बातम्यांचा विचार करणार आहोत. उदाहरणे मूलद्रव्यांच्या शोधाच्या इतिहासातील आहेत. आरंभ मात्र मदीनेतून करू.

मदीनेतील ग्रहण

हिजरी सन १० मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम अल्लाहला प्यारे झाले. हजरत मारिया किब्तिया (र.अ.) यांच्या पोटी जन्मलेले हे बाळ जेमतेम दीड वर्षाचे होते. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, प्रेषितपुत्राच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. प्रेषितांनी (स.) ग्रहणाची दीर्घ नमाज पढविली आणि त्यानंतर लोकांना स्पष्ट सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणामुळे वा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही.

सहीह बुखारीतील ग्रहणविषयक हदीसींमध्ये ही घटना आलेली आहे. तिच्यातील एक बाब लक्षात घ्यावी. ती बातमी कोणा शत्रूने उठविलेली नव्हती. ती प्रेम करणाऱ्यांच्या तोंडून आली होती. तिच्यामुळे प्रेषितांच्या घराण्याचा मान वाढणार होता. पुत्रशोकात असलेल्या पित्याने केवळ मौन पाळले असते, तरी ती पिढ्यान्पिढ्या चालत राहिली असती. प्रेषितांनी (स.) मौन पाळले नाही. आपला गौरव करणारी, परंतु खरी नसलेली गोष्ट त्यांनी त्याच दिवशी खोडून काढली.

विजयदुर्गाची कथा

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. हेलियम या मूलद्रव्याचा शोध सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने तेथून सूर्याचे निरीक्षण केले आणि त्याला हेलियम गवसला, अशी ही कथा आहे. किल्ल्यावरील चौथऱ्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होतो.

या बातमीची छाननी करू. प्रत्येक मूलद्रव्य तापून प्रकाशू लागले की त्या प्रकाशाच्या वर्णपटात ठरावीक जागी ठरावीक रंगाच्या रेषा उमटतात. स्वयंपाकघरातील मीठ ज्योतीत टाकले तर ज्योत पिवळी होते, ती मिठातील सोडियममुळे. किरखोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९ पासून या रेषांवरून मूलद्रव्ये ओळखण्याची रीत घालून दिली आणि तिच्याच आधारे १८६० व १८६१ मध्ये सीझियम व रुबिडियम ही नवी मूलद्रव्ये शोधून काढली. त्यामुळे १८६८ च्या ग्रहणाकडे साऱ्या जगाचे डोळे लागले होते, कारण सूर्याच्या कडेवरील ज्वाला कशाच्या आहेत हे आता वर्णपटावरून कळणार होते.

त्या दिवशी फ्रान्सचे जान्सन गुंटूरला होते, मद्रासचे सरकारी खगोलज्ञ पॉगसन मच्छलीपट्टणला, लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, तर मद्रास वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या राज्यातील वनपर्ती येथे. ज्वालांच्या वर्णपटात एक ठळक पिवळी रेषा दिसली. बहुतेकांनी ती सोडियमची मानली. ती सोडियमच्या जागी तंतोतंत बसत नाही, अशी नोंद पॉगसन यांनी केली. ज्वालांच्या रेषा इतक्या तेजस्वी आहेत की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील, हे जान्सन यांनी ओळखले आणि दुसऱ्याच दिवशी तसे करून दाखविले.

आणि लॉकयर? ते त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी तेथूनच, ग्रहणाविना, सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यांचे आणि जान्सन यांचे पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचले गेले. पुढे लॉकयर यांनी त्या पिवळ्या रेषेचा पाठपुरावा केला आणि ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नाही, या निष्कर्षाप्रत ते आले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला हेलियम हे नाव पडले. तरीही कित्येक शास्त्रज्ञ साशंक राहिले, कारण पृथ्वीवर हा पदार्थ कोणीही पाहिला नव्हता. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तशीच पिवळी रेषा दिसली. केवळ आपल्या डोळ्यांवर न विसंबता त्यांनी तो वायू क्रुक्स आणि लॉकयर यांच्याकडे तपासणीस पाठविला. क्रुक्स यांनी रेषा मोजून साक्ष दिली, तेव्हा हेलियम निःसंशय सिद्ध झाला.

मग विजयदुर्गाची कथा निराधार आहे काय? तसेही नाही. लॉकयर विजयदुर्गास खरोखरच आले होते. परंतु २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीस होते. हेलियम तोवर प्रयोगशाळेत येऊन तीन वर्षे झाली होती. ते ओटे या मुक्कामाशी जोडणेच अधिक युक्त. नागपूरकरांना हेही ठाऊक असावे की, त्याच ग्रहणाचा पट्टा आपल्या विदर्भावरूनही गेला. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे न्यूऑल आणि तळणी येथे माँडर व एव्हरशेड यांची पथके उतरली होती. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला होते.

म्हणजे माणूस खरा, स्थळ खरे, ग्रहणही खरे. चुकली ती तारीख. दोन ग्रहणे लोकस्मृतीत एकमेकांत मिसळली आणि खऱ्या तुकड्यांपासून एक चुकीची बातमी तयार झाली.

तारखांची कसोटी

हदीसशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रकार अपरिचित नाही. रावी प्रामाणिक आहे एवढ्यावर मुहद्दिसीन थांबत नसत. ज्याच्याकडून ऐकले असे तो सांगतो, त्याची आणि याची भेट होणे काळाच्या हिशेबाने शक्य होते काय, हे ते जन्ममृत्यूच्या सनांवरून पाहत. खतीब बगदादी (र.) यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. अब्बासी वजीरासमोर एक दस्तऐवज आला. त्यात प्रेषितांनी (स.) खैबरच्या यहुद्यांना जिझिया माफ केल्याचे लिहिले होते आणि सहाबांच्या साक्षी होत्या. खतीब यांनी तो पाहताच बनावट ठरविला. खैबरचा विजय हिजरी ७ मधील; साक्षीदारांपैकी हजरत मुआविया (र.अ.) यांनी मक्काविजयाच्या वेळी, हिजरी ८ मध्ये, इस्लाम स्वीकारला, आणि हजरत सअद बिन मुआज (र.अ.) तर हिजरी ५ मध्येच निवर्तले होते. हीच कसोटी १८६८ च्या विजयदुर्गाला लावली की निवाडा होतो.

आपल्या घरातील बातम्या

आता हीच कसोटी स्वतःस लावू. गंधकाम्ल, नत्राम्ल आणि आणखी कितीतरी पदार्थ जाबिर बिन हय्यान यांनी शोधले, असे आपल्या व्याख्यानांतून आणि मोबाईलवरील संदेशांतून सांगितले जाते. ‘गेबर’ या नावाने युरोपात गाजलेले ज्या लॅटिन ग्रंथांत आम्लांच्या कृती आहेत, ते तेराव्या शतकाच्या सुमाराचे असून त्यांचे अरबी मूळ मिळालेले नाही. जाबिर यांच्या नावावरील अरबी ग्रंथ अनेक हातांनी, नवव्या-दहाव्या शतकांत लिहिले गेले, असे पॉल क्राऊस या अभ्यासकाने १९४० च्या दशकात साधार मांडले. ही शंका केवळ पाश्चात्त्यांची आहे असे कोणी म्हणू नये. दहाव्या शतकातील बगदादचे इब्न नदीम यांनी आपल्या ‘फिहरिस्त’मध्ये नोंदविले आहे की, जाबिर नावाचा असा ग्रंथकार झालाच नाही, असे म्हणणारे विद्वान त्यांच्या काळीही होते. इब्न नदीम यांना ते मत मान्य नव्हते. तरीही त्यांनी ते दडविले नाही.

यामुळे आपला वारसा रिकामा होतो काय? मुळीच नाही. अबू बक्र राजी यांनी पदार्थांचे वर्ग पाडले, भट्टी आणि ऊर्ध्वपातनाची उपकरणे व कृती नोंदविल्या. अल-बिरूनी यांनी धातू आणि रत्ने पाण्यात तोलून त्यांची सापेक्ष घनता काढली. हलक्या धातूचे सोने होते, या त्या काळच्या सुखावणाऱ्या समजुतीचा इब्न सीना यांनी इन्कार केला. खऱ्या वारशाला उसन्या दागिन्यांची गरज नसते.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. ‘हदीद’ म्हणजे लोखंड. अबजदच्या हिशेबाने या शब्दाची बेरीज ८, ४, १० आणि ४ मिळून २६ होते आणि लोखंडाचा अणुक्रमांकही २६ आहे. ‘अल’चे ३१ मिळविले की ५७, आणि सूरह अल-हदीद ही ५७ वी. हा कुरआनचा चमत्कार म्हणून सांगितला जातो. बेरीज बरोबर आहे. परंतु नियम खरा असेल तर तो इतरत्रही लागू पडावा. सोने म्हणजे ‘जहब’: ७००, ५ आणि २ मिळून ७०७, सोन्याचा अणुक्रमांक ७९. तांबे म्हणजे ‘नुहास’: ५०, ८, १ आणि ६० मिळून ११९, तांब्याचा २९. नियम पहिल्याच पायरीवर मोडतो. उरतो तो योगायोग.

कोणी म्हणेल, ईमान वाढत असेल तर बिघडले कुठे? येथेच खरा धोका आहे. नागपुरात जुम्याच्या बयानानंतर महाविद्यालयीन तरुण असे दावे घेऊन विचारावयास येतात. मिंबरवरून ऐकलेला दावा वर्गात फोल ठरला, तर तो तरुण एका दाव्यावर शंका घेऊन थांबत नाही. त्याच मिंबरवरून ऐकलेल्या तौहीद आणि आखिरतकडेही तो त्याच नजरेने पाहू लागतो. कच्च्या खुंटीला टांगलेले वस्त्र खुंटीबरोबर खाली येते. शिवाय इतर समाजांनी केलेल्या अशा दाव्यांची आपण सनद मागतो. स्वतःच्या दाव्याला मात्र सूट देतो. सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतीत तर न्यायाची साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी देण्याचा आदेश आहे.

आपण काय करावे?

अभिमान वाटावा अशी बातमी हाती आली की पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे मूळ कोणी सांगितले? माणूस, स्थळ आणि काळ यांचा मेळ बसतो काय? हीच बातमी दुसऱ्या समाजाने स्वतःविषयी सांगितली असती, तर मी ती एवढ्यावर मानली असती काय? उत्तर मिळेपर्यंत थांबावे. ऐकलेले सारेच सांगत सुटणे माणसाला खोटा ठरविण्यास पुरेसे आहे, असा आशय सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेतील हदीसीत आला आहे.

लोखंडाचा उल्लेख असलेली सूरह अल-हदीदची २५ वी आयत आज घरी सावकाश वाचावी. तिच्यात लोखंडाच्या आधी ग्रंथाचा आणि तराजूचा उल्लेख आहे, लोकांनी न्यायावर कायम राहावे म्हणून. आपण लोखंडाचे आकडे मोजत बसलो आणि त्याच आयतीतील तराजू हाती घेतला नाही.

अल्लाह तआला आपल्याला सत्य ओळखण्याची, आणि ते आपल्या मनाविरुद्ध असले तरी स्वीकारण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.