घर कोणाचे?

नवरा म्हणाला, "काडीमोड घेऊ. घर माझ्या नावावर आहे. तू नीघ."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरी, रागाने घर सोडू नकोस. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नकोस."

काकूंचे खरे आहे. २००५ सालचा कायदा आहे. घर नवऱ्याचे असो की सासऱ्याचे, बायकोला दमदाटीने बाहेर काढता येत नाही. मारहाणीमुळे ती माहेरी गेली, तरी हक्क बुडत नाही. कोर्ट तिला घरात राहू देण्याचा हुकूम करू शकते. नाहीतर दुसऱ्या घराचे भाडे द्यायला लावू शकते.

पण राहण्याचा हक्क वेगळा, मालकी वेगळी. म्हणून काडीमोड होण्याआधीच घराचे काय, ते कोर्टात लिहून घ्यावे.

तालुक्याला विधी सेवा समिती असते. तेथे बाईला वकील फुकट मिळतो.

तुम्ही सही शिकलात. आता आधी वाचा, मग सही करा.