किडलेल्या दुधाच्या दाढेवर धातूची टोपी

"दुधाचाच दात आहे, आज ना उद्या पडायचाच, त्यासाठी दवाखान्याची पायरी कशाला चढायची?" शाळेत आरोग्य तपासणी झाली, की पालकांच्या तोंडचा हा प्रश्न शिक्षकांच्या कानी हमखास येतो. प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा वाटतो. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, आणि त्यावरूनच दाढांचाही हिशेब केला जातो. परंतु दाढांचे वेळापत्रक निराळे आहे. बालकाच्या तोंडात दुधाचे २० दात असतात. त्यांपैकी आठ दाढा होत. दुसरी दुधाची दाढ साधारणतः दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येते आणि १० ते १२ वर्षांच्या दरम्यान पडते. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला आणखी सहा-सात वर्षे भाकरी चावावयाची असते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवावयाची असते. ती अकाली काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते, जागा आक्रसते आणि नंतर येणारा दात वेडावाकडा उगवण्याचा संभव वाढतो.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे जी नवी दाढ उगवते, ती दुधाची नव्हे. ती कायमची असते. कोणताही दात पडल्यावाचून ती येत असल्यामुळे पुष्कळ घरांत तिची दुधाच्या दाढांतच गणना होते आणि ती किडली तरी तिच्याकडे दुर्लक्ष होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील ५१ कोटी ४० लाख बालकांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. बालकांच्या आजारांत इतका सर्वत्र पसरलेला आणि इतका क्षुल्लक मानला गेलेला आजार दुसरा क्वचितच सापडेल. दाढेच्या ठणक्याने रात्रभर न झोपलेले मूल वर्गात मान टाकून बसते, जेवताना एकाच बाजूने चावते, पुढे पुढे चावण्याचेच टाळते. हजेरीपटावर याची नोंद कोठेच होत नाही.

कीड म्हणजे काय?

दाढेत खरोखरीचा किडा नसतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. दातांवर जंतूंचा चिकट थर साचतो. आपण खाल्लेल्या साखरेवर हे जंतू जगतात आणि त्यातून आम्ल निर्माण करतात. दाताचे बाहेरील कठीण आवरण, म्हणजे दंतवल्क, या आम्लाने हळूहळू झिजते. मग आतील मऊसर भाग पोखरला जातो आणि अखेर नसा व रक्तवाहिन्या असलेल्या गाभ्यापर्यंत जंतू पोहोचतात. दुधाच्या दाढेचे दंतवल्क पातळ असते आणि गाभा पृष्ठभागाच्या जवळ असतो. त्यामुळे मोठ्या माणसाच्या दाढेत ज्या प्रवासाला दीर्घ काळ लागतो, तो बालकाच्या दाढेत अल्पावधीतच पुरा होतो.

या प्रक्रियेत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जंतूंना वरून साखरेचा पुरवठा होत राहतो, तोवरच कीड पुढे सरकते. हा पुरवठा पूर्णपणे तोडला, तर आत राहिलेले जंतू निष्प्रभ होतात, कीड जागच्या जागी थांबते आणि दाढेचा गाभा स्वतःच आतील बाजूने संरक्षक थर घालू लागतो. म्हणजे कीड कोरून काढलीच पाहिजे असे नाही. ती नीट कोंडली तरी पुष्कळदा काम भागते. पुढे वर्णन केलेल्या उपचाराचा सारा पाया एवढाच आहे.

रूढ उपचार आणि त्यातील अडचण

दंतवैद्यकाची परंपरागत शिकवण अशी, की प्रथम सुई टोचून हिरडी बधिर करावी, यंत्राने सर्व कीड कोरून काढावी आणि मग खड्डा सिमेंटने अथवा अन्य द्रव्याने भरावा. कीड मोठी असल्यास दाढ चहूबाजूंनी तासून तिच्यावर पोलादी टोपी बसवावी. अशा तयार टोप्या अमेरिकेत १९५० च्या सुमारास प्रचारात आल्या. टोपी भरणापेक्षा अधिक टिकते, याचा अनुभव दंतवैद्यांना होताच. तथापि चार वर्षांच्या मुलाला सुई, यंत्राचा आवाज आणि तोंडात पाण्याचा फवारा हे सारे अर्धा तास सहन करावयास लावणे ही सोपी गोष्ट नव्हे. मूल रडते, हात झटकते, तोंड मिटते. परिणामी एक तर उपचार अर्धवट होतो किंवा "मोठा झाल्यावर पाहू" असे सांगून त्याला घरी पाठविले जाते. मग एके दिवशी गाल सुजतो आणि दाढ काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्या दिवसाची धास्ती मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहते.

स्कॉटलंडमधील एका दवाखान्यातून

स्कॉटलंडमध्ये सर्वसाधारण दंतव्यवसाय करणाऱ्या डॉ. नॉर्ना हॉल यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस निराळाच मार्ग धरला. त्यांनी सुई दिली नाही, कीड कोरली नाही, दाढही तासली नाही. योग्य मापाची पोलादी टोपी घेऊन तिच्यात सिमेंट भरावयाचे आणि ती किडलेल्या दाढेवर जशीच्या तशी दाबून बसवावयाची, एवढेच त्या करीत. ग्रंथांत न बसणारी ही रीत होती. कीड आत ठेवून वर झाकण घालणे म्हणजे निष्काळजीपणा, असेच कोणाही दंतवैद्याचे प्रथमदर्शनी मत झाले असते. परंतु डॉ. हॉल यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी व्यवस्थित ठेवल्या होत्या आणि त्यांचे काम टिकले ते या नोंदींमुळेच, असे म्हणावे लागेल.

या नोंदींचा डंडी विद्यापीठातील डॉ. निकोला इनेस, डॉ. डॅफिड एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला व तो २००६ साली प्रसिद्ध केला. २५९ बालकांच्या दाढांवर बसविलेल्या ९७८ टोप्यांचा तो हिशेब होता. पाच वर्षांनंतरही दाढ काढावी न लागण्याचे प्रमाण शेकडा ८० च्या घरात भरले. जुन्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष कितीही आशादायक असला तरी तो कच्चाच मानावयाचा असतो. म्हणून टेसाइड भागातील १७ दंतवैद्यांच्या साहाय्याने १३२ बालकांवर रीतसर तौलनिक चाचणी घेण्यात आली. प्रत्येक बालकाच्या एका दाढेवर हॉल पद्धतीने टोपी बसविली गेली आणि दुसऱ्या बाजूच्या तशाच किडलेल्या दाढेवर त्या दंतवैद्याच्या नेहमीच्या पद्धतीने उपचार केला गेला. सुमारे दोन वर्षांनी पाहता, ठणका लागणे, गळू होणे यांसारखे गंभीर अपयश नेहमीच्या उपचारात शेकडा १५, तर टोपीखालच्या दाढांत शेकडा दोन इतके आढळले. पाच वर्षांनी हेच आकडे अनुक्रमे शेकडा १६.५ आणि ३ असे होते. भरण निखळणे, पुन्हा कीड लागणे अशी किरकोळ अपयशे नेहमीच्या उपचारात शेकडा ४२, टोपीत शेकडा पाच. विशेष म्हणजे उपचारानंतर विचारणा केली असता बहुसंख्य मुलांनी, पालकांनी आणि दंतवैद्यांनीही टोपीलाच पसंती दिली.

टोपी कशी बसवितात?

प्रथम क्ष-किरण चित्र घेऊन कीड आणि गाभा यांच्यामध्ये निरोगी भागाचा स्पष्ट पट्टा आहे की नाही, हे पाहिले जाते. हा पट्टा दिसत नसेल तर ही पद्धत वापरावयाची नसते. दोन दाढा एकमेकींना अगदी चिकटून असतील, तर त्यांच्यामध्ये रबराची लहानशी कडी सरकवितात आणि तीन ते पाच दिवसांनी काढून टाकतात. तेवढ्या अवधीत टोपीची कड शिरण्यापुरती फट पडते. दुसऱ्या भेटीत मुलाला खुर्चीवर ताठ बसवितात. मोठ्यांप्रमाणे आडवे निजवीत नाहीत, कारण निसटलेली टोपी घशात जाता कामा नये. त्यासाठी जिभेच्या मागे जाळीदार कापडाची घडीही ठेवतात. वेगवेगळ्या मापांच्या टोप्यांतून दाढेचे सर्व उंचवटे झाकणारी आणि दाबताना किंचित उसळून मागे येणारी सर्वांत लहान टोपी निवडतात. दाढ पुसून कोरडी करतात, टोपी ग्लास आयनोमर सिमेंटने भरतात आणि बोटाने दाढेवर दाबतात. नंतर मुलाला कापसाची गुंडाळी देऊन घट्ट चावून धरावयास सांगतात. बाहेर आलेले सिमेंट लगेच पुसले जाते आणि घट्ट होईपर्यंत दोन-तीन मिनिटे चावा धरून ठेवला जातो. एवढ्यावर काम संपते.

सुरुवातीला टोपीभोवतीची हिरडी पांढुरकी दिसते आणि दाबल्यासारखी वाटते. ही भावना लवकरच ओसरते. टोपीच्या जाडीमुळे पहिल्या काही दिवसांत इतर दातांचा चावा नीट जुळत नाही, दोन्ही जबड्यांत मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट राहते. पालक येथेच घाबरतात. परंतु वाढत्या वयात दात आपली जागा जुळवून घेत असल्यामुळे काही आठवड्यांत चावा पूर्ववत होतो. पुढे दाढ पडावयाची वेळ आली, की टोपीसह ती आपोआप पडते. टोपी वेगळी काढावी लागत नाही. तिचा रंग चंदेरी असतो आणि तो काही मातापित्यांना रुचत नाही. मुलांचे मात्र तसे नसते. सैनिकाचे शिरस्त्राण किंवा राजकन्येचा मुकुट म्हणून सांगितले, तर ती आरशासमोर तोंड वासून उभी राहतात.

कोणासाठी नाही?

ही पद्धत दुधाच्या दाढांसाठी आहे. रात्री झोप मोडेल असा आपोआप उठणारा ठणका, हिरडीवर पुवाची पुळी, सुजलेला गाल, उघडा पडलेला गाभा किंवा टोपी धरण्याइतकीही शिल्लक नसलेली दाढ, यांपैकी काहीही असल्यास कीड कोंडण्यात अर्थ नाही. तेथे अन्य उपचारच हवा. हृदयाच्या अंतःस्तराला जंतुसंसर्ग होण्याचा धोका असलेली बालके आणि निकेल धातूची ॲलर्जी असलेली बालके यांनाही ती वर्ज्य समजतात. कोठे टोपी चालेल आणि कोठे नाही, हा निर्णय प्रशिक्षित दंतवैद्याचाच. उपचार सोपा दिसतो म्हणून तो कोणीही करावा असा नव्हे.

टोपी हे सर्व दुखण्यांवरचे औषध आहे, असाही दावा करता येणार नाही. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथील ७२ दवाखान्यांत तीन ते सात वर्षे वयाच्या ११४४ बालकांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन गटांची तुलना केली गेली: कोरून भरणे, कीड कोंडणे आणि केवळ प्रतिबंधक उपाय. सुमारे तीन वर्षांच्या काळात दातदुखी अथवा जंतुसंसर्ग झालेल्या बालकांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ४२, ४० आणि ४५ असे, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. कीड एकदा तोंडात शिरल्यावर कोणत्याही एका पद्धतीने ती पुरती आटोक्यात येत नाही, हे त्यावरून दिसते. टोपीने एक दाढ झाकली जाते. शेजारच्या दाढेवर रात्रीच्या दुधाच्या बाटलीचा आणि दिवसभराच्या बिस्किट-गोळ्यांचा मारा चालूच असतो.

आपल्याकडील व्यवस्था

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी या कार्यक्रमात ज्या आरोग्यविषयक स्थितींची तपासणी अभिप्रेत आहे, त्यांत दातांच्या किडीचा समावेश आहे. फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांना एकदा भेट देतात, अशी योजना आहे. तपासणी होते, कार्डावर खूण होते. पुढे मूल दंतवैद्यापर्यंत पोहोचले की नाही, हा दुवा मात्र निसटण्याचा संभव फार. शिक्षकाने खूण झालेल्या मुलांची यादी आपल्यापाशी ठेवून महिन्याभराने चौकशी केली आणि ग्रामपंचायतीच्या सदस्याने त्या मुलांना एकाच दिवशी जिल्हा अथवा उपजिल्हा रुग्णालयात नेण्याची सोय केली, तर हा दुवा जोडला जाऊ शकेल. त्या दिवशी किती दाढांवर टोपी बसविता येईल, हे तेथील दंतवैद्य, साहित्याची उपलब्धता आणि किडीची अवस्था यांवर अवलंबून राहील. उशीर झाला असेल तर काही दाढा काढाव्याच लागतील.

मुलाला पाठविताना पालकांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: रात्री ठणक्याने जाग येते काय? हिरडीवर पुळी दिसते काय? हृदयाच्या विकारासाठी कधी उपचार झाले आहेत काय? या तिन्हींची उत्तरे कार्डाच्या मागे लिहून दिली, तर दंतवैद्याचा वेळ वाचतो आणि मुलाची एक फेरी टळते. टोपी बसलेल्या मुलाने त्या दिवशी डबा खाताना कुरकुर केली, तर तीत काळजीचे कारण नाही. मात्र काही दिवसांनी त्याच बाजूला गाल सुजला किंवा पुळी आली, तर पुढच्या पथकाची वाट न पाहता त्याला लगेच रुग्णालयात पाठवावे.