घबराट, हृदय आणि आपली श्रद्धा



या गुरुवारचा अभ्यासलेख जरा वेगळा आहे. आपल्याच एका ताईंच्या परवानगीने, त्यांचं नाव न घेता लिहितो आहे. गेल्या वर्षी सामूहिक पारायणाच्या तिसऱ्या दिवशी त्या वाचता वाचता थांबल्या. छाती धडधडायला लागली, घाम फुटला, बोटांना मुंग्या आल्या, आता आपण जाणार असं वाटलं. दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. मग आपण काय केलं? कोणी म्हणालं दृष्ट काढा, कोणी म्हणालं जप वाढवा. आणि एकाने (तो मीच) ग्रुपवर लिहिलं की नामात मन लागलं की भीती उरतच नाही. ताईंनी ते वाचलं. पुढचे चार महिने त्या सत्संगाला आल्या नाहीत.

हा लेख म्हणजे माझ्या त्या मेसेजची दुरुस्ती.

आपण बडोदेकर गुजराती वळणाने ज्याला 'गभरामण' म्हणतो, त्याचा हा तीव्र प्रकार. डॉक्टर त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. रणांगणावर अर्जुनाचं अंग कापू लागलं, तोंडाला कोरड पडली, गांडीव हातातून सुटू लागलं, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. पण त्याच्यापुढे कारण उभं होतं. पॅनिकमध्ये शरीर तेच सगळं करतं, समोर सैन्य मात्र नसतं. धोक्याची घंटा उगाच वाजते. हृदय पळतं, श्वास जलद होतो. जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच चक्कर येते, हातापायाला मुंग्या येतात. माणसाला वाटतं हार्ट अटॅकच आला. या विचाराने भीती आणखी वाढते, भीतीने धडधड आणखी वाढते. डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली हे चक्र नीट मांडलं, आणि आजचे उपचार बऱ्याच अंशी त्यावरच उभे आहेत. अटॅक साधारण काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो.

एकदा असं झालं म्हणजे आजार झाला असं नाही. असे अटॅक पुन्हा पुन्हा, ध्यानीमनी नसताना येतात आणि नंतर महिनाभर किंवा जास्त 'परत आला तर?' ही धास्ती राहते, किंवा त्यापायी माणूस वागणंच बदलतो, तेव्हा पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. अर्थात हे ठरवायचं डॉक्टरांनी. थायरॉईड, रक्तातली साखर, हृदयाचे ठोके, दमा, हे आधी पाहावं लागतं. छातीत पहिल्यांदाच दुखलं, किंवा वय झालेलं, मधुमेह असलेलं माणूस असेल, तर घरी बसून 'पॅनिक असेल' म्हणू नका. सरळ 108 लावा.

ताईंचं खरं नुकसान अटॅकने कमी आणि टाळण्याने जास्त केलं. आधी पारायण सुटलं, मग खंडेराव मार्केट, मग लिफ्ट, मग एकटीने रिक्षात बसणं. घरच्यांनी प्रेमानेच सगळी कामं अंगावर घेतली. जितकं टाळलं तितकी भीती पक्की झाली. शेवटी सूनबाई त्यांना मनोविकार विभागात घेऊन गेली.

तिथे दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, सीबीटी नावाचा बोलण्याचा आणि सरावाचा उपचार. घरीच जिने भराभर चढून छाती धडधडू द्यायची आणि काही होत नाही हे अनुभवायचं. मग मार्केटच्या दाराशी दहा मिनिटं उभं राहायचं, पुढच्या आठवड्यात आत जायचं. दुसरी, रोजची गोळी. तिचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला थोडी अस्वस्थता वाढूही शकते, म्हणून कमी डोसने सुरू करतात. बरं वाटलं तरी बरेच महिने घ्यावी लागते. एकादशीला गोळी चुकवू नये. पटकन शांत करणारी अल्प्राझोलमसारखी गोळी मात्र शेजाऱ्याकडून मागून घेऊ नका, तिची सवय लागते, आणि रोज घेणाऱ्याने ती एकदम बंद करणंही धोक्याचं.

साधनेबद्दल. अटॅक आलेल्या माणसाला भस्त्रिका करायला सांगू नका, श्वास आधीच जास्त झालेला असतो. काहींना डोळे मिटून छातीकडे लक्ष दिल्यानेच घबराट होते, त्यांनी डोळे उघडे ठेवून नाम घ्यावं. आणि माळ हातात नसली तर मी मरेन असं वाटू लागलं तर तेही डॉक्टरांना सांगावं. माझ्या मते तिथे माळ ही माळ राहत नाही, कुबडी होते.

बडोद्यात सयाजी हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे, कारेलीबागला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. (कारेलीबागचं नाव घरात थट्टेत घेणं आपण सोडूया.) 2022 पासून टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवाही आहे, 14416 वर रात्रंदिवस.

ताई पुढच्या गुरुवारी सत्संगाला येणार आहेत. दर पाच मिनिटांनी कोणी 'आता कसं वाटतंय?' विचारू नये, असं त्यांनीच सांगितलंय. मध्येच उठून बाहेर गेल्या तर जाऊ द्या, परत येऊन बसतील.