वाइन चाखताना: आपला उन्हाळा, आपलं तिखट

छत्रपती संभाजीनगरला बिअरचे कारखाने आहेत. वाइन मात्र इथे बाहेरून येते, नाशिकहून, अकलूजहून किंवा थेट बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सवरून. ती प्यायचे नियम त्याहून लांबून, थंड देशांतून आलेले आहेत. इथल्या उन्हात आणि इथल्या जेवणासोबत चाखताना त्यातले काही पाळावेत, काही सरळ सोडून द्यावेत.

काय करावे

रेड थोडी गार करावी. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं पुस्तकं सांगतात. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. एप्रिलमध्ये आपल्या घरात ३४-३५ अंश असतात. एवढ्या उबेत शिराझचं फळ हरवतं आणि नाकात नुसती अल्कोहोलची वाफ जाते. म्हणून बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. डिसेंबरात पारा १०-१२ वर उतरला की रेड कपाटातून काढून तशीच ओतावी. व्हाइटचं उलट आहे. ती प्यायच्या दहा मिनिटं आधी फ्रिजबाहेर काढावी, कारण फार गार वाइनला वासच नसतो.

वासांना आपल्या बाजारातली नावं द्यावीत. ब्लॅककरंट आणि गूजबेरी ज्यांनी कधी खाल्ली नाही, त्यांनी ती वाइनमध्ये का शोधावी? नाशिकच्या सुलाच्या पहिल्या वाइन २००० साली बाजारात आल्या, त्यांत सोव्हिन्यॉ ब्लाँ होती. तिच्यात मला हिरवी ढोबळी मिरची, कैरीची साल आणि नुकतंच कापलेलं गवत सापडतं. शेनिन ब्लाँ म्हणजे पिकला पेरू, थोडा अननस आणि शेवटी मधाची चाहूल. व्हियोनिएत जर्दाळू आणि सोनचाफा असतो. काहींना हा सुवास जास्त वाटतो, मला तो फार आवडतो. शिराझला जांभूळ आणि भरडलेली काळी मिरी. अकलूजच्या फ्रातेल्लीची सँजोव्हेसे आलुबुखाऱ्यासारखी सुरू होते आणि मागून चिंचेचा आंबटपणा येतो. रश्श्याबरोबर जेवायला हीच वाइन मला सगळ्यांत जवळची वाटते. नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह कॅबर्ने आणि शिराझ मिसळून केलेली आहे. उघडल्याबरोबर आधी लाकूड आणि लवंग जाणवते. अर्धा तास ग्लासात राहू दिली की मनुके वर येतात.

नाक तयार करायला जाधववाडीच्या बाजारात जावं. पेरू, मोसंबी, जांभूळ, कैरी हातात घेऊन हुंगावी. पैसे लागत नाहीत.

तुरटपणा ओळखायला शिकावं. रेड वाइन द्राक्षाच्या साली-बियांसकट आंबवतात, म्हणून तिला रंग येतो आणि जीभ ओढून धरणारा तुरटपणा येतो. व्हाइटसाठी रस आधीच सालींपासून वेगळा करतात. हा तुरटपणा दोष नाही. मात्र तो कुठल्या जेवणासोबत सुखावतो आणि कुठल्या जेवणासोबत टोचतो, हे ज्याचं त्याने तपासावं.

हुरड्याला शेनिन ब्लाँ न्यावी. याबद्दल माझं मत ठाम आहे. आगटीतून काढून तळहातावर चोळलेला गरम हुरडा, सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही. कोवळ्या ज्वारीला स्वतःची गोडी असते आणि गोवरीच्या धुराचा वास असतो. शेनिनची किंचित गोडसर चव त्या गोडीशी जुळते. तिचा आंबटपणा दाण्याच्या चटणीचं तेल जिभेवरून पुसतो, आणि लसणाचं तिखट तिच्या गारव्यात शांत होतं. रेड इथे धुरात हरवते.

हलकीकडून जडकडे, कोरडीकडून गोडीकडे जावं. उलट गेलात तर नंतरची प्रत्येक वाइन आंबट लागेल.

अनेक वाइन चाखायच्या असतील तर थुंकावी. वाइनरीत त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. वाइनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. चौथ्या ग्लासानंतर जीभ खरं बोलत नाही, आणि नाशिकहून परतताना गाडी कोणाला तरी चालवायची असते.

काय टाळावे

नान-खलियासोबत लाकडात मुरवलेली कॅबर्ने. मटणाला रेड, हा नियम भाजलेल्या, बिनतिखटाच्या मांसासाठी ठीक आहे. खलियात तर्री असते, मिरची असते. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते आणि तिखटापुढे तुरटपणा कडू होतो. एरवी चांगली असलेली वाइनही मग वाईट ठरते. त्याऐवजी तरुण, फळाची चव पुढे असलेली शिराझ किंवा झिनफँडेल थोडी गार करून घ्यावी. गोडसर शेनिनही चालेल, पाहुण्यांनी भुवया उंचावल्या तरी.

जुनी व्हाइट. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे बहुतेक भारतीय व्हाइटना लागू नाही. सोव्हिन्यॉ ब्लाँ एक-दोन वर्षांत संपवावी. लेबलवरचं साल पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरच्या आसपास. त्यामुळे साल एकच असलं तरी आपली बाटली सहा-सात महिन्यांनी मोठी असते. (चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने इथल्या द्राक्षांना वर्षातून दोनदा फळ येतं, असं नोंदवलं आहे. आज वाइनसाठी छाटण्या दोन होतात, पीक एकच घेतात.)

मे महिन्यात डिकीतून वाइन आणणं. बंद गाडी उन्हात उभी राहिली की काही तासांत वाइन उकडते. फळ जातं, शिजवलेल्या मुरंब्याची चव उरते. बाटल्या पायाशी, एसीच्या हवेत ठेवाव्यात, किंवा सरळ गावातच घ्याव्यात. दुकानात उन्हाच्या काचेत उभी असलेली बाटली मागू नये.

काठोकाठ ग्लास. तृतीयांशच भरावा, बाकी जागा वासाची.

फिरकीच्या झाकणाला नाक मुरडणं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उभ्या ठेवलेल्या बाटलीचं बूच सुकतं आणि हवा आत शिरते. फिरकीला तो धोका नाही.

चाखण्याआधी पान, तंबाखू, अत्तर, उदबत्ती.

पहिल्या घोटावर निकाल. पहिला घोट फक्त तोंड धुतो. दुसरा चुळीसारखा तोंडात फिरवावा, तिसऱ्यावर बोलावं. आणि ‘स्मूद’ एवढ्यावर थांबू नये: आंबट किती, तुरट किती, गिळल्यावर चव किती वेळ टिकली, हे सांगावं.

उघडी बाटली ओट्यावर ठेवणं. रेड असो वा व्हाइट, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन दिवसांत संपवावी. त्यानंतरही उरली तर मटण मुरवायला वापरावी.