पुसलेली पाटी

इंजिनातल्या बिघाडाचा कोड पुसून गाडी स्मॉग चेकमधून, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या प्रदूषण चाचणीतून, काढून देतो म्हणणारा माणूस तुमच्यावर उपकार करत नसतो. तो गाडीच्या स्मरणातला पुरावा नाहीसा करतो, आणि त्या पुराव्याची गरज पुढे तुम्हालाच पडणार असते. हे मी इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण या एका गोष्टीपायी माझे पैसे गेले, झोप गेली आणि राग अजून निवलेला नाही. तरीही इथे मांडायचा आहे तो युक्तिवाद. ‘कोड क्लिअर कर आणि लगेच टेस्टला जा’ हा सल्ला कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींत आजही बिनदिक्कत दिला जातो. गाडी विकून भारतात परतणारा देतो, नवी नोकरी लागलेल्या मुलाला त्याचा रूममेट देतो, आणि ज्यांना खरं काय ते ठाऊक असायला हवं असे मेकॅनिकही देतात. शेवटच्या मंडळींचा मला सर्वांत जास्त राग आहे.

या गैरसमजाचं मूळ आपल्या भारतातल्या पीयूसीच्या सवयीत आहे. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या व्हॅनपाशी गाडी उभी करायची, सायलेन्सरच्या नळीत प्रोब जातो, गाडी न्यूट्रलमध्ये गुरगुरते, कागद हातात पडतो. त्या क्षणी नळीतून काय बाहेर येतं एवढंच तिथे मोजतात. गेल्या महिनाभरात गाडीने काय केलं हे कोणी विचारत नाही. कॅलिफोर्नियात २००० सालच्या आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या नळीत आता प्रोब घालतच नाहीत. २०१५ पासून तंत्रज्ञ डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये केबल लावतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरलाच प्रश्न विचारतो. असं सॉकेट अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक पेट्रोल कारमध्ये असतं. म्हणजे तपासली जाते ती गाडीची वही. वही फाडून आलेल्या विद्यार्थ्याला मास्तर पास कसे करतील?

कोड पुसल्यावर नेमकं काय होतं ते नीट समजून घ्या. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा विझतो आणि कोड जातो. त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान आणि भार किती होता याची नोंद. गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या चालता चालता घेत असते, ज्यांना मॉनिटर म्हणतात, त्यांतल्या बहुतेक ‘अपूर्ण’ होऊन बसतात. आणि त्याच क्षणी कॉम्प्युटर नवी मोजणी सुरू करतो: पुसल्यापासून गाडी किती चालली, किती वेळा इंजिन थंडाचं गरम झालं. त्या सॉकेटला स्कॅनर लावला की पडद्यावर सर्वांत वर ‘कोड शून्य’ असं येतं आणि जीव भांड्यात पडतो. बहुतेक लोक तिथेच थांबतात. बोटाने पडदा जरा वर सरकवला की कॅटॅलिस्ट अपूर्ण, ऑक्सिजन सेन्सर अपूर्ण, इव्हॅप अपूर्ण अशी रांग दिसते, आणि तिच्याखाली पुसल्यापासूनचं अंतर: चार मैल. जुनी गाडी विकणारा समोरचा माणूस त्या वेळी गाडी कशी एकहाती वापरलेली आहे, कधी काही त्रास दिला नाही, हे सांगत असतो. त्या चार मैलांचा अर्थ एकच: तुम्ही येण्याच्या थोडं आधी ही पाटी पुसली गेली आहे. तो आकडा वाचता येणं आणि न येणं यात हजारो डॉलरांचा फरक पडू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा की लोक कोड पुसून पास होतात, आम्ही पाहिलं आहे. काही होतातही, आणि का होतात ते सांगायला मला संकोच नाही. २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्निया फक्त इव्हॅपचा एक मॉनिटर अपूर्ण ठेवायची मुभा देते. इव्हॅप म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर न सोडता धरून ठेवणारी यंत्रणा. तिची चाचणी नाजूक असते. इंजिन कित्येक तास थंड पडलेलं लागतं, टाकी फार भरलेली चालत नाही आणि फार रिकामीही नाही. मग यंत्रणा हवाबंद करून तिच्यात दाबाचा फरक निर्माण करतात आणि तो टिकतो का ते बघतात. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातली गळतीही त्यात सापडू शकते. ही चाचणी जमून यायला कधीकधी बरेच दिवस लागतात, म्हणून ती सूट आहे. या सवलतीचा गैरफायदा घेणाऱ्याने बाकीचे मॉनिटर पूर्ण होईपर्यंत गाडी फिरवली, तर जुनी गाडी निसटू शकते. पण २०१० आणि त्यानंतरच्या गाड्यांत ‘परमनंट कोड’ असतात. ते स्कॅनरने पुसता येत नाहीत. ज्या दोषामुळे कोड आला तो गेल्याची खात्री गाडीला स्वतःलाच पटली, की मगच ते जातात. जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियाच्या चाचणीत हे कोड बघितले जातात. कोड पुसल्यानंतर २०० मैल अंतर आणि १५ वेळा इंजिन गरम होणं, हे दोन्ही झालं असेल तरच त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. तेवढ्या प्रवासात खरा बिघाड बहुधा पुन्हा डोकं वर काढतोच. म्हणजे पळवाट आहे, पण ती अरुंद आहे, आणि तिच्यातून निसटलेली गाडी दुरुस्त झालेली नसते.

‘अहो, बॅटरी बदलली होती म्हणून सगळं पुसलं गेलं’ हे दुसरं उत्तर, आणि ते मला तोंडपाठ आहे. ते कधीकधी खरंही असतं. बॅटरीची तार काढली की बऱ्याच गाड्यांत मॉनिटर अपूर्ण होतात. म्हणून रिकामी पाटी दिसली की समोरच्याला लगेच लबाड ठरवू नका. बॅटरीची पावती मागा, बॅटरीवरची तारीख बघा, आणि परमनंट कोड वाचा. बॅटरी काढली तरी ते पुसले जात नाहीत. स्वच्छ मनाचा विक्रेता आठवडाभर गाडी चालवून पुन्हा दाखवायला तयार होतो. घाई करणारा का घाई करतो याचा विचार तुम्ही करा.

तिसरा आक्षेप चांगल्या माणसांकडूनही येतो: गाडी तर झकास चालते, बिघडलाय तो सेन्सर, त्याच्यासाठी दिवा का सहन करायचा? हा दिवा गाडी चालते की नाही हे सांगण्यासाठी नाहीच. ढोबळपणे सांगायचं तर प्रदूषण ठरलेल्या मर्यादेच्या दीडपटीवर जाऊ शकेल असा दोष सापडला की तो पेटतो. पी०४२० हा कुप्रसिद्ध कोड घ्या. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर एक. आधीच्याचा आलेख सारखा वरखाली नाचतो, आणि कन्व्हर्टर ऑक्सिजन धरून ठेवत असल्यामुळे नंतरच्याचा शांत राहतो. नंतरचाही तसाच नाचायला लागला की कॉम्प्युटर म्हणतो, कन्व्हर्टर काम करत नाही. आता यामागे थकलेला कन्व्हर्टर असेल, सायलेन्सरच्या पाइपाची गळती असेल, किंवा एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नसल्यामुळे, म्हणजे मिसफायरमुळे, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढत असेल. कोणतं कारण खरं हे शोधायला फ्रीझ फ्रेम आणि सोबतचे कोड लागतात. पुसणाऱ्याने नेमकं तेच फेकून दिलेलं असतं. दिवा लुकलुकत असेल तर तो मिसफायर कन्व्हर्टर जाळतो आहे असा इशारा आहे. तेव्हा पुसापुशी करणं म्हणजे कॉइल किंवा स्पार्क प्लगच्या खर्चाच्या जागी कन्व्हर्टरचा खर्च ओढवून घेणं. कॅलिफोर्नियात तर तो या राज्याने मान्यता दिलेलाच बसवावा लागतो आणि तो महाग पडतो.

खर्चाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या माणसाला हा खर्च खरोखर भारी आहे, आणि गाडीशिवाय इथे कामावर जाता येत नाही. पण खर्चातून सुटायच्या सरळ वाटा आहेत आणि त्या कोणी सांगत नाही. कन्व्हर्टर आणि इंजिनाचा मुख्य कॉम्प्युटर यांच्यावर अमेरिकेत कायद्याने ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची हमी असते, यांतलं जे आधी संपेल ते. राज्याच्या ग्राहक साहाय्य योजनेत पात्र उत्पन्न असलेल्यांना दुरुस्तीसाठी किंवा जुनी गाडी मोडीत काढण्यासाठी पैसे मिळतात. दुरुस्तीआधी तिथे अर्ज करा. नंतर केलेला उपयोगाचा नाही. आणि ‘मोठ्या कंपन्या फसवतात, मग आमचा एक दिवा काय’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन: फोक्सवॅगनचं जे २०१५ साली उघडकीला आलं तेही हेच होतं, चाचणीपुरती गाडी शहाणी आणि रस्त्यावर वेगळी. आपण त्यांना नावं ठेवली ती याच गोष्टीसाठी.

दुरुस्ती करून मग कोड पुसणं यात गैर काहीच नाही. न पुसता सोडलं तरी सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की दिवा आपोआप विझतो. पुसलाच, तर त्याच दिवशी टेस्टला धावू नका. आठवडा-दोन आठवडे रोजच्यासारखी चालवा, सकाळी थंड इंजिन सुरू करा, थोडं गावात, थोडं फ्रीवेवर, टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवा, आणि मॉनिटर पूर्ण झाल्याचं स्वतः बघा. मेकॅनिककडून काय बदललं आणि का, हे लेखी घ्या. सगळ्या पावत्या जपून ठेवा, कोणाच्या गोड बोलण्यावर जाऊ नका.

जुनी गाडी घेताना स्वस्तातला स्कॅनर खिशात असू द्या. इंजिन आधीच गरम करून ठेवू नका असं विक्रेत्याला कळवा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, चेक इंजिनचा दिवा पेटायलाच हवा. पेटत नसेल तर कोणीतरी त्याच्याशी खेळलेलं असू शकतं, आणि तेवढ्यावरच गाडी नापास होते. मग मॉनिटर, परमनंट कोड आणि ते अंतर, या क्रमाने वाचा. गेल्या चार वर्षांतली मॉडेलं वगळता बहुतेक गाड्यांचं ९० दिवसांच्या आतलं स्मॉग प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी कॅलिफोर्नियात विक्रेत्याची आहे. ‘आहे तशी’ असं लिहून घेतल्याने ती त्याच्यावरून उतरत नाही. ‘तुम्हीच करून घ्या, शंभर डॉलर कमी करतो’ असं कोणी म्हणालं, तर गाडी तिथेच सोडून चालते व्हा.